निजामी मराठवाड्याची शिरगणती व कुणबी नोंद
(मिर्झा मेहदी खानकृत हैदराबाद गॅझेटियराचे साधन या दृष्टीने परीक्षण)

गोदावरीच्या उत्तर तीरावरील अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी हे गाव आहे. हा सारा टापू इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनची लढाई झाली ते स्थळ नदीच्या दक्षिणेस, येथून फारसे दूर नाही. आणि २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई ज्या भोकरदन तालुक्यात झाली तोही आता अंबडाप्रमाणेच जालना जिल्ह्यात मोडतो. तथापि अंतरवालीचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले ते लढाईमुळे नव्हे. २९ ऑगस्ट २०२३ रोजी श्री. मनोज जरांगे पाटील यांनी तेथे उपोषण आरंभिले, १ सप्टेंबर रोजी जमलेल्या लोकांवर लाठीमार झाला, आणि तेव्हापासून ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द गावोगावच्या पारांवर ऐकू येऊ लागला. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटियरातील नोंदी विचारात घेऊन कुणबी दाखल्यांच्या चौकशीची रीत ठरविणारा निर्णय काढला.

दाखले कोणास द्यावे व कोणास देऊ नये हा ह्या पत्रिकेचा विषय नव्हे. परंतु एक शंभर वर्षांहून जुना ग्रंथ लक्षावधी लोकांच्या वादात साक्षीदार म्हणून उभा केला गेला असता त्या साक्षीदाराची उलटतपासणी करणे हे आपलेच काम आहे. ते आपण न केल्यास ग्रंथ न पाहिलेले लोक ते करतील. किंबहुना करीतच आहेत.

प्रथम नावाचा घोळ मिटविला पाहिजे. गॅझेट म्हणजे राजपत्र. निजामाच्या राज्यातील राजपत्रास जरीदा म्हणत; त्यात नेमणुका, हुकूम व कायदे प्रसिद्ध होत. गॅझेटियर म्हणजे प्रदेशवर्णनाचा कोश. त्यात डोंगर, नद्या, पिके, बाजारपेठा, जुनी देवळे यांच्या जोडीला लोकसंख्येचे आकडे येतात. राजपत्रातील वाक्याला हुकुमाचे बळ असते; गॅझेटियरातील वाक्याला त्याच्या लेखकाच्या माहितीचे बळ असते, अधिक नाही. वर्तमानपत्रांतून ‘गॅझेट’ असे लिहिले जाते व वाचणाऱ्याची समजूत निजामाने काही हुकूम काढला होता अशी होते. सरकारी निर्णयात मात्र ‘गॅझेटियर’ हाच शब्द आहे, हे त्या लेखकूच्या पदरी टाकले पाहिजे.

ह्या नावाखाली मुख्यत्वे जो ग्रंथ अभिप्रेत असतो तो इंपीरियल गॅझेटियरच्या प्रांतिक मालेतील हैदराबाद संस्थानाचा खंड होय. तो १९०९ साली कलकत्त्यास छापला गेला. कर्ते मिर्झा मेहदी खान हे निजामाच्या राज्यातील शिरगणतीचे अधीक्षक राहिलेले होते. त्यापूर्वी सय्यद हुसेन बिलग्रामी व विल्मट यांनी १८८३-८४ मध्ये निजामाच्या मुलखाचे दोन भागांत वर्णन सिद्ध केले होते, आणि औरंगाबाद जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटियर १८८४ चे आहे. मेहदी खानांचा खंड ह्यांच्या मानाने आटोपशीर असून भूवर्णन व शेतसारा ह्या बाबतींत विश्वसनीय आहे. वेरूळ, अजिंठा, पैठण, दौलताबाद ह्यांविषयी लिहिताना ते विस्तार आवरतात, हेही गुणात गणले पाहिजे. परंतु ग्रंथाचा जो भाग आज न्यायालयापर्यंत पोचला आहे तो नेमका त्यातील सर्वात घाईने रचलेला भाग आहे, असे मला वाटते.

तो भाग समजण्यास हे राज्य कोणत्या घडणीचे होते ते ध्यानात ठेवावे लागते. १७२४ मध्ये निजामउल्मुल्काने दक्षिणेत आपले आसन स्थिर केले. १७९५ च्या खर्ड्यानंतर मराठ्यांपुढे नमलेला निजाम १८०० च्या तहाने इंग्रजांच्या तैनातीत गेला. पण अंतर्गत कारभारात तो अखेरपर्यंत स्वायत्त राहिला. त्याचे नाणे निराळे, टपाल निराळे, वर्षगणना निराळी. राजकारभाराची भाषा आधी फारसी, आणि १८८४ च्या सुमारापासून उर्दू. ह्या राज्यात मराठी बोलणारे १९०१ च्या गणतीप्रमाणे शेकडा २६ च्या आसपास होते. तेलुगू शेकडा ४६, कानडी १४, उर्दू १०. म्हणजे ज्यास आपण मराठवाडा म्हणतो तो प्रदेश एका स्वायत्त राज्यातील भाषिक अल्पसंख्याकांचा प्रदेश होता, आणि त्याची मोजणी त्याच्या बोलीत न होता दुसऱ्या भाषेच्या चौकटीत झाली. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

संस्थानात पहिली शिरगणती १८८१ मध्ये झाली. त्या वेळी एकंदर लोकसंख्या ९८,४५,५९४ भरली. १८९१ मध्ये ती १,१५,३७,०४० झाली आणि १९०१ मध्ये उलट १,११,४१,१४२ वर आली. औरंगाबाद जिल्ह्याचे हाल ह्याहून वाईट. अंबड तालुका तेव्हा ह्याच जिल्ह्यात होता. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. जिल्ह्याचे आकडे अनुक्रमे ७,३०,३८०, ८,२८,९७५, ७,२१,४०७ असे आहेत. दहा वर्षांत एक लाखाहून अधिक माणूस कमी झाला, तो १८९७ व १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांमुळे. जे जगले त्यांपैकी कित्येक गाव सोडून गेले असणार. १९०१ ची गणती म्हणजे भरल्या घराची गणती नव्हे, हे त्या गणतीवर पिढ्यांचे निर्णय उभारणाऱ्यांच्या मनात क्वचितच येते.

आता मूळ मुद्दा. संस्थानाच्या प्रकरणात मेहदी खान लिहितात की राज्यातील सर्वात मोठी जात कापू अथवा कुणबी ही असून तिची संख्या २९,५३,००० म्हणजे शेकडा २६ आहे. ह्या वाक्यातील ‘अथवा’ हे अव्यय फार महाग पडले आहे. कापू हे तेलंगणातील शेतकऱ्यांचे नाव. तेलुगूत त्या शब्दाचा संबंध राखण करण्याशी लावतात. कुणबी हा शब्द संस्कृत ‘कुटुम्बिन्’ वरून आला. गुप्तकालीन ताम्रपटांत दानाची वार्ता गावकऱ्यांस कळविताना ब्राह्मणांबरोबर कुटुंबींचाही निर्देश असतो. तेथे त्याचा अर्थ घरदार व जमीन असलेला गृहस्थ, शेतकरी, असाच आहे. कापू व कुणबी ह्यांच्यात भाषेचा, सोयरिकीचा, कुळाचाराचा कसलाही संबंध नाही. संबंध एवढाच की दोघेही नांगर धरतात. तेव्हा ग्रंथकाराने येथे जात मोजली नसून धंदा मोजला आहे आणि त्यास जातीचे नाव दिले आहे.

योगायोग असा की मराठी भाषिकांचे प्रमाण शेकडा २६ आणि ह्या ‘कापू अथवा कुणबी’ वर्गाचे प्रमाणही शेकडा २६. मी ऐकलेल्या एका व्याख्यानात हे दोन आकडे एकच मानून निजामाच्या राज्यातील सर्व मराठी माणूस कुणबी होता असा सिद्धान्त मांडला गेला, आणि टाळ्याही पडल्या. वास्तविक त्या २९ लाखांत तेलंगणातील कापूंचा भरणा मोठा होता.

औरंगाबाद जिल्ह्याच्या प्रकरणात शेतकरी जातींच्या परिगणनेत कुणब्यांचा आकडा सुमारे २,५७,००० दिला आहे. जिल्ह्याच्या लोकसंख्येशी त्याचे प्रमाण शेकडा ३५ च्या वर जाते. हा आकडा वर सांगितलेल्या संस्थानभरच्या आकड्याहून अधिक उपयोगी आहे, कारण ह्या जिल्ह्यात कापूंचा प्रश्न येत नाही. परंतु त्याच रांगेत पुढे शिंदे, बंजारा, कोळी आणि ‘मराठे होळकर’ अशा ‘जाती’ येतात! आडनाव कोठे संपते व जात कोठे सुरू होते ह्याचा विवेक मूळ तक्त्यात नव्हता आणि ग्रंथकारानेही तो केला नाही. ज्या कारकुनाला शिंदे ही कुणब्यांहून भिन्न शेतकरी जात वाटली, त्याने ‘कुणबी’ ह्या सदरात कोणास बसविले व कोणास वगळले ह्याची हमी कोण देईल?

अशा वेळी पाठचिकित्सेची एक साधी शिस्त कामी येते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत डॉ. सुकथनकरांनी जी पद्धत रूढ केली तीत एका मूळ पोथीवरून उतरलेल्या दहा पोथ्या ह्या दहा साक्षी मानीत नाहीत. इंपीरियल गॅझेटियरचा १९०८ चा तेरावा खंड, १९०९ चा प्रांतिक खंड, आणि त्यांवरून पुढे उतरलेली वर्णने ही सर्व १९०१ च्या एकाच तक्त्याची लेकरे आहेत. निवेदनांतून त्यांचा उल्लेख ‘अनेक गॅझेटियरांत एकमताने’ असा केलेला आढळतो. एकमत कसले? एकाच दिव्याची ती प्रतिबिंबे आहेत. १८८१ व १८९१ च्या गणती मात्र स्वतंत्र साक्षी होत. त्यांचे तक्ते १९०१ शी पडताळून कोणी मांडले तर ते खरे संशोधन होईल.

येथवर वाचून कोणास वाटेल की प्रस्तुत लेखक ग्रंथाला निरुपयोगी ठरवीत आहे. तसे नाही. उलट पक्षाकडून मराठवाड्यात कुणबी नव्हतेच, ही नोंद विदर्भ-कोकणातली, असे जे ठासून सांगितले जाते त्याचा ह्या ग्रंथाने पूर्ण निरास होतो. १९०१ मध्ये औरंगाबादच्या मुलखात जमीन कसणाऱ्या बहुसंख्य माणसास लोकव्यवहारात व सरकारदरबारी कुणबी म्हणत, एवढे ह्यावरून निःसंशय सिद्ध आहे. मात्र म्हणणे व असणे ह्यांत अंतर असू शकते. देहूचे तुकोबा महाजनकी व वाण्याचा व्यवसाय असलेल्या घरचे; ते स्वतःस कुणबी म्हणवितात. मुंबई इलाख्यातही पुढील काही दशकांत स्वतःस मराठा म्हणून नोंदविण्याकडे कुणब्यांचा ओढा वाढत गेला. हे आपल्याकडेच घडते असे नाही. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात १८८० पासून शिरगणतीत मातृभाषा न विचारता नित्य व्यवहाराची भाषा विचारीत. जर्मन मालकाकडे राबणारा चेक मजूर त्यामुळे जर्मनांत मोजला जाई, आणि त्यावरून तेथे मोठे रण माजले. प्रश्न बदलला की लोकसंख्या बदलते.

ह्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. न्या. संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखालील समिती सप्टेंबर २०२३ मध्ये नेमली गेली. मराठवाड्यातील सुमारे १ कोटी ७२ लाख नोंदी तपासल्यावर तीत ११,५३० कुणबी नोंदी सापडल्याचे ३० ऑक्टोबर २०२३ च्या सुमारास जाहीर झाले. पुढे ही संख्या वाढली. तरी पहिला आकडाच बोलका आहे. एका जिल्ह्यात छापील कुणबी अडीच लाखांवर, आणि साऱ्या मराठवाड्याच्या दप्तरात नावानिशी कुणबी साडेअकरा हजार! एका पक्षाने ह्यावरून दप्तरे दडविल्याचा आरोप केला, दुसऱ्याने गॅझेटियर खोटे ठरविले. दोन्ही अनुमाने उतावीळ आहेत.

कारण शिरगणतीत नाव राहतच नाही. १९०१ मध्ये हिंदुस्थानात चिठ्ठीपद्धती सुरू झाली. ती मूळ बव्हेरियातील. प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी लिहून, चिठ्ठ्यांच्या गड्ड्या लावून, बेरजा घेत. बेरीज झाली की चिठ्ठीचे काम संपले. छापला गेला तो आकडा. माणूस रद्दीत गेला. ह्याउलट पाहणीपत्रक, खासरापत्रक, कोतवालबुक, जन्ममृत्यूची वही ह्यांत माणूस नावानिशी असतो, पण जात लिहिण्याचे प्रयोजन प्रत्येक ठिकाणी नसते. सारा भरणारा कोण हे पाटील-कुलकर्ण्यांस ठाऊक असताना त्याची जात कोण कशाला लिहील? शिवाय राज्याचा सुमारे दोन पंचमांश मुलूख सर्फेखास, पायगा व जहागिरी ह्यांत वाटलेला होता. जहागिरीच्या गावचे दप्तर जहागीरदाराच्या वाड्यात. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या तेव्हा सगळेच रुमाल सरकारात जमा झाले असे समजणे भाबडेपणाचे होईल. म्हणून आकडा व नोंद ह्यांतील तफावत हा कोणाच्या लबाडीचा पुरावा नसून दोन भिन्न जातींच्या कागदांचा स्वभाव आहे.

तेव्हा सारा भार नोंदींवर, म्हणजे मोडीवर येऊन पडतो, आणि येथे आपल्यापैकी जे संग्राहक आहेत त्यांच्याशी मला सविस्तर बोलावयाचे आहे.

मोडीतील संक्षेप हा मोठा धोका आहे. ‘कु॥’ असे दिसले की अलीकडे ‘कुणबी’ असे वाचण्याची घाई होते. तेच अक्षर कुलकर्णी, कुंभार ह्यांसही लागते. गतवर्षी गोदाकाठच्या एका गावी एका वृद्ध शेतकऱ्याने मजपुढे रुमाल सोडला. नातवाच्या शिक्षणासाठी दाखला हवा होता. एका तरुण वाचकाने त्यांस आधीच सांगून ठेविले होते की खापरपणजोबांच्या नावापुढे ‘कु॥’ आहे. मी पाहिले तो नावास ‘पंत’ जोडलेले, आणि संक्षेपापुढे ‘मौजे मजकूर’ हे शब्द. तो गावचा कुलकर्णी होता. कागद लिहिणाराच तो! हे सांगताना मला सुख झाले नाही. म्हातारबुवा काही बोलले नाहीत, उठून आत गेले व दुसरा रुमाल घेऊन आले. ह्या दुसऱ्या रुमालात रयतेची एक यादी निघाली. तीत सात असामींपुढे ‘कुणबी’ हा शब्द संक्षेपाविना, पूर्ण लिहिलेला होता. त्यांपैकी एक नाव व बापाचे नाव घरच्या वंशावळीशी जुळत होते. परंतु यादीत आडनाव नव्हते. जुन्या रयतवारी कागदांत ते बहुधा नसतेच. ‘अमुक बिन तमुक’ एवढ्यावर काम भागे. दोन पिढ्यांची नावे जुळणे हे एका गावात चार घरी संभवते, कारण आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल घरोघर आहे.

दुसरा धोका कालगणनेचा. मराठी कागदांत शुहूर सन व फसली सन हे दोन्ही येतात, व दोन्हींत नऊ वर्षांचे अंतर आहे. दक्षिणी फसलीत ५९० मिळविल्यास इसवी सनाचे आरंभवर्ष येते. शुहूरात ५९९ मिळवावे लागतात. राक्षसभुवनच्या लढाईचे साल शुहूराने ११६४, म्हणजे अर्बा सितैन मया व अलफ; फसलीने ११७३. मराठी अमलात दोन्ही वर्षे मृगास पालटत, तर पुढे हैदराबादच्या दप्तरात फसलीचा आरंभ आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या प्रारंभी, धरू लागले. नुसता ‘सन’ लिहिलेला कागद कोणत्या गणनेचा हे न ठरविता वंशावळीत बसविला तर बाप मुलाहून धाकटा निघण्याचे प्रसंग येतात, आणि मग छाननी करणारा अधिकारी खऱ्या कागदालाही बनावट म्हणतो.

बनावटीचा विषय निघालाच आहे तर तोही टाळू नये. जुन्या ओळीच्या शेवटी नव्या शाईने शब्द घुसविण्याचे प्रकार होतात. असा शब्द बहुधा हातानेच ओळखू येतो. मोडी लिहिणारा लेखणी न उचलता ओढीत जातो. नवशिक्या प्रत्येक अक्षर सुटे काढतो व शिरोरेघ मागाहून ओढतो. मोडीत आधी रेघ, मग अक्षर. शिवाय मोडी लेखक ऱ्हस्वदीर्घाची फिकीर करीत नाही. जेथे ‘कुणबी’ शब्द शालेय शुद्धलेखनाने नटून उभा दिसेल तेथे भिंग काढावे.

त्या गोदाकाठच्या घराचे पुढे काय झाले असे कोणी विचारील. आडनावाचा दुवा मिळण्यास अशा ठिकाणी महजर हा एकच भरवशाचा कागद असतो. पाटीलकीच्या वाटणीचा किंवा शिवेचा तंटा झाला असेल तर गोतसभेपुढे वादी-प्रतिवादी आपली पिढीजाद हकीकत सांगत, आणि ती आडनावासह, शेजारच्या गावांच्या पाटलांच्या साक्षींनिशी, नांगराच्या निशाणीसह उतरली जाई. नांगर ही कुणब्याची निशाणी. ती जातीच्या सदरापेक्षा जुनी आहे. त्या गावाचा असा एक महजर नदीपलीकडील एका घरी असल्याचे म्हातारबुवांनी सांगितले. तो कागद लग्नाच्या देण्याघेण्यात गेला, मग त्यावर दोन घरांचे बोलणे बंद झाले, हीही हकीकत त्यांनी सांगितली. अंबड व पैठण परगण्यांतील महजर ज्या वाचकांच्या संग्रही असतील त्यांनी रुमालाची मूळ जुळणी न मोडता, पाठीवरील शेरे, शिक्के व निशाण्यांसह संपूर्ण पानांची छायाचित्रे पाठवावी. एक ओळ कापून पाठविलेले छायाचित्र उपयोगाचे नाही. नक्कल बालबोधीत करताना संक्षेप फोडू नये, ‘कु॥’ असेल तेथे ‘कु॥’ हेच ठेवावे, आणि आपला अर्थ समासात निराळा द्यावा.